मनसुब्यांचे धनी अस-सूली

वाचकहो, २०२५ च्या जुलै महिन्यात नागपूरच्या दिव्या देशमुख हिने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात तिच्यासमोर होती कोनेरू हंपी, म्हणजे पटाच्या दोन्ही बाजूंना भारताच्याच कन्या. तेव्हापासून बहरीनमधल्या आपल्या मराठी घरांत बुद्धिबळाची चर्चा पुन्हा रंगू लागली आहे. शुक्रवारी जेवणे आटोपली की दोघे खेळायला बसतात आणि चौघे भोवती बसून सल्ला देतात. पटावर चार-पाच मोहरी उरली म्हणजे तर खेळणाऱ्यांपेक्षा बघणाऱ्यांचीच चुरस अधिक असते. राजा कोठे न्यावा, प्यादे आधी सरकवावे की नंतर, यावर चहा निवून जातो.

अशा वेळी आपण एखाद्याला त्याचा मनसुबा काय आहे असे सहज विचारतो. हा मनसुबा शब्द मुळात बुद्धिबळाचाच आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते. अरबीत मन्सूबा म्हणजे मांडून ठेवलेली गोष्ट. बुद्धिबळाच्या पटावर मुद्दाम मांडलेली आणि दुसऱ्यास सोडवावयास दिलेली स्थिती, तिला अरब खेळाडू मन्सूबा म्हणत. तेथून हा शब्द फारसीत गेला, फारसीतून आपल्या दरबारी मराठीत आला, आणि बखरींतून व पत्रांतून बेत किंवा मसलत या अर्थाने असा रुळला की त्याचे मूळ आपण विसरलो.

आज आम्ही आमच्या वाचकांस ज्यांची ओळख करून देणार आहोत, ते या मनसुब्यांचे सर्वांत मोठे धनी होते. त्यांचे नाव अबू बक्र मुहम्मद इब्न याह्या अस-सूली. दहाव्या शतकात बगदादच्या दरबारात ते नावारूपाला आले आणि आपल्याच या आखाताच्या माथ्याशी, बसरा शहरात, त्यांचा अंत झाला. त्यांनी मांडलेले एक कोडे पुढे हजार वर्षे कोणास सुटले नाही. ते का सुटले नाही आणि अखेर कसे सुटले, ही हकीकत आपल्यासारख्या चौघांत बसून डाव सोडवणाऱ्यांना बरेच काही शिकवणारी आहे.

जुना डाव कसा होता

प्रथम त्या काळचा खेळ समजून घेऊ. आपला चतुरंग इराणात गेला आणि तेथे चतरंग झाला. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकले, तेव्हा तो त्यांच्या हाती आला व त्याचे शतरंज झाले. मोहऱ्यांची नावे बघितली की प्रवासाची वाट कळते. राजाला ते फारसी शब्दाने शाह म्हणत. आपण आज शह देतो तो त्याच शब्दाने. वजिरास फर्ज किंवा फिर्झान म्हणत. उत्तर हिंदुस्थानात व जुन्या मराठीतही वजिरास फर्जी म्हणत, तो हाच. प्याद्याला ते बैदक म्हणत. बैदक व प्यादे हे दोन्ही एकाच फारसी शब्दाचे अवतार होत.

चाली मात्र निराळ्या होत्या. आज पटावर धुमाकूळ घालणारा वजीर त्या डावात फक्त एक घर तिरपा चाले. फील म्हणजे हत्ती. तो आज आपला उंट असतो त्या जागी उभा राही आणि तिरपी दोन घरे उडी मारी. कोपऱ्यातला रुख आपल्या हत्तीसारखा सरळ धावे, आणि घोडा आजच्यासारखाच अडीच घरे जाई. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरके व शेवटच्या ओळीत पोहोचले तर त्याचा वजीरच होई, आणि तोही तो दुबळा वजीर.

अशा दुबळ्या मोहऱ्यांनी राजावर मात करणे सोपे नव्हते. म्हणून डाव जिंकण्याचा आणखी एक मार्ग असे. प्रतिपक्षाचे राजाखेरीज सर्व काही मारले, त्याचा राजा उघडा पडला, की डाव जिंकला. मात्र उघड्या पडलेल्याने लगेच पुढच्या चालीत दुसऱ्याचाही राजा उघडा केला, तर बहुतेक ठिकाणी डाव बरोबरीचा धरीत. आपल्या देशी डावात राजा एकटा उरला म्हणजे बुर्जी झाली म्हणत व तिला पुऱ्या मातीचा मान देत नसत. अरबांकडे मात्र ती सरळ जीत होती.

यामुळे डावाच्या शेवटाला विलक्षण महत्त्व आले. दोन-तीन मोहरी उरली असता कोण कोणास उघडे पाडणार, हे जाणणारा तोच खरा खेळाडू. म्हणून उस्ताद मंडळी अशा स्थिती मांडून ठेवीत, एकमेकांस घालीत आणि त्यांची टिपणे करीत. मनसुब्यांची विद्या उभी राहिली ती अशी. खलिफा अल-मामून यांच्या काळी, म्हणजे ८१३ ते ८३३ या वर्षांत, नामांकित खेळाडू दरबारात खेळत. पुढे अल-अद्ली नावाच्या उस्तादाने बुद्धिबळावर ग्रंथ लिहिला. खलिफा अल-मुतवक्किल यांच्यासमोर अर-राझी यांनी त्या अल-अद्लींना हरविले. या परंपरेत पुढचे आणि सर्वांत मोठे नाव आले ते अस-सूलींचे.

चिटणिसांच्या घराण्यातला मुलगा

अस-सूलींचा जन्म नवव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्यांच्या घराण्याचा मूळ पुरुष सूल नावाचा तुर्की सरदार. कास्पियन समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यात जुर्जान म्हणून प्रांत होता, तेथला तो सत्ताधीश होता. आठव्या शतकाच्या आरंभी अरब सेनापती यझीद इब्न अल-मुहल्लब याच्यापुढे त्याने शरणागती पत्करून इस्लाम स्वीकारला. पुढल्या पिढ्यांनी तलवार ठेवली आणि लेखणी धरली. आपल्याकडे चिटणीस-फडणीस घराणी जशी दप्तरात मुरलेली असत, तसे हे घराणे अब्बासी खलिफांच्या दप्तरात मुरले. याच घराण्यातले इब्राहीम इब्न अल-अब्बास अस-सूली हे नवव्या शतकात कवी व चिटणीस म्हणून गाजले होते.

अबू बक्र यांचे शिक्षण त्या काळच्या थोर पंडितांपाशी झाले. अल-मुबर्रद आणि सअलब हे दोन व्याकरणकार त्यांच्या गुरूंपैकी होत. हे दोघे एकमेकांचे प्रतिस्पर्धी, एक बसऱ्याच्या परंपरेचा, दुसरा कूफ्याच्या. दोन्ही घाटांचे पाणी प्यालेल्या या विद्यार्थ्याने कविता, इतिहास व दरबारी लेखनकला या तिन्हींत हात बसविला. पुढे त्यांनी कवी अबू तम्माम यांचे चरित्र लिहिले, अबू नुवास यांच्यासारख्या कवींच्या रचना जुळवून संग्रहित केल्या, चिटणिसांनी कसे लिहावे याचा ग्रंथ रचला आणि अब्बासी घराण्यातील खलिफांचा व त्यातील कवींचा मोठा इतिहास लिहिला. बुद्धिबळ हा या साऱ्या विद्येच्या कडेचा एक गुण होता. पण नशीब उघडले ते त्या गुणाने.

गुलाबपाण्याची फजिती

खलिफा अल-मुक्तफी यांची कारकीर्द ९०२ ते ९०८ ची. त्यांच्या बैठकीत अल-मावर्दी नावाचा नामी खेळाडू होता. मावर्दी म्हणजे गुलाबपाणीवाला. खलिफांची त्याच्यावर मर्जी मोठी. अस-सूलींची कीर्ती कानी आली तेव्हा दोघांचा सामना खलिफांसमोर लावण्यात आला. खेळ सुरू झाला तेव्हा खलिफा उघडउघड आपल्या जुन्या माणसाच्या बाजूचे होते. त्यांनी त्याला इतके उत्तेजन दिले की नवखा खेळाडू आरंभी गोंधळून गेला. पण पट पुढे सरकला तसे अस-सूली सावरले आणि त्यांनी असा निर्विवाद विजय मिळवला की पक्षपातास जागाच उरली नाही. मग खलिफांनी मावर्दीच्या नावावर एक कोटी केली. त्याच्या गुलाबपाण्याचे रूपांतर कशात झाले हे सांगणारी ती कोटी कौटुंबिक पानावर छापण्याजोगी नाही, एवढेच येथे सांगतो.

ही हकीकत लिहून ठेवणारे इतिहासकार अल-मसूदी हे अस-सूलींचे समकालीन. आपल्या कोकणाशी त्यांचा संबंध आहे, म्हणून त्यांच्याविषयी दोन शब्द सांगण्याचा मोह आवरत नाही. सन ९१६ च्या सुमारास हे गृहस्थ जलमार्गाने हिंदुस्थानात आले आणि आजच्या रायगड जिल्ह्यातील चौल बंदरात उतरले. अरब त्या बंदरास सैमूर म्हणत. तेथे हजारो मुसलमान व्यापारी नांदत असल्याचे त्यांनी नोंदले आहे. हिंदुस्थानात हस्तिदंताचा मोठा खप बुद्धिबळाची मोहरी करण्यासाठी होतो, हेही त्यांनी लिहिले. म्हणजे बगदादला अस-सूली खेळत होते, तेव्हा आपल्या मुलखातही हस्तिदंती घोडे पटावर धावत होते.

राजपुत्राचे गुरू

खलिफाच्या बैठकीतील सोबत्याला नदीम म्हणत. कविता, इतिहास, किस्से आणि खेळ, काय हवे ते त्याने वेळेवर पुढे करावे अशी अपेक्षा असे. अस-सूली अल-मुक्तफी यांचे नदीम होते, त्यांच्यामागून आलेल्या अल-मुक्तदिर यांचेही झाले. अल-मुक्तदिर यांच्या मुलाला शिकविण्याचे काम त्यांच्याकडे आले. हाच मुलगा पुढे अर-राझी बिल्लाह या नावाने खलिफा झाला. (बुद्धिबळपटू अर-राझी निराळे, त्यांच्याशी घोटाळा होऊ नये म्हणून यापुढे आम्ही यांना खलिफा राझी म्हणू.)

शिकवणीच्या दिवसांतला एक प्रसंग अस-सूलींनी स्वतः लिहून ठेवला आहे. राजपुत्र पुस्तक वाचत बसले असता त्यांच्या आजीचे नोकर आले आणि काही न बोलता सारी पुस्तके गुंडाळून घेऊन गेले. मुलगा काय वाचतो याची तपासणी होती ती. काही वेळाने पुस्तके जशीच्या तशी परत आली. राजपुत्र संतापले होते. त्यांनी नोकरांस सुनावले की ही पुस्तके धर्मशास्त्राची, काव्याची व इतिहासाची आहेत. तुम्ही वाचता तशा समुद्रातल्या नवलकथा, सिंदबादच्या गोष्टी आणि मांजर-उंदराच्या कहाण्या यांत नाहीत. गुरूंना या उत्तराचा आनंद झाला खरा. पण आजीच्या महालात ते कळले तर काय होईल, या विचाराने ते घाबरलेही. दरबारातल्या गुरूची स्थिती अशी नाजूक असे.

काळही मोठा अस्थिर होता. त्या वेळी बहरीन हे नाव बसऱ्याच्या दक्षिणेपासून ओमानकडे जाणाऱ्या साऱ्या किनारपट्टीला होते, आणि आपल्या बेटाला अवाल म्हणत. या किनाऱ्यावर ८९९ पासून करामिता पंथाची सत्ता होती. त्यांच्या फौजांनी ९२३ मध्ये बसरा लुटले, ९२७ मध्ये त्या बगदादच्या जवळ येऊन ठेपल्या आणि ९३० मध्ये त्यांनी मक्केहून पवित्र काळा पाषाण उचलून नेला. तो परत आला ९५१ मध्ये. दरम्यान ९३२ साली खलिफा अल-मुक्तदिर आपल्याच सेनापतीच्या सैन्याशी लढताना मारले गेले. त्यानंतरचे खलिफा दोन वर्षांत पदच्युत झाले. अशा धामधुमीत ९३४ साली अस-सूलींचा शिष्य गादीवर बसला.

पुढची सहा वर्षे त्यांच्या आयुष्यातली सर्वांत सुखाची. खलिफा राझी एकदा फुलांनी बहरलेल्या बागेत बसले होते. बरोबरची मंडळी बागेची तारीफ करू लागली. त्यावर खलिफांनी सांगितले की या बागेपेक्षा आणि तुम्ही वर्णन कराल त्या कशाहीपेक्षा अस-सूलींचा बुद्धिबळाचा डाव अधिक देखणा आहे. शिष्याने गुरूला याहून मोठी बिदागी काय द्यावी?

हिरा

बुद्धिबळावर अस-सूलींनी दोन ग्रंथ लिहिले. आधीच्या अल-अद्ली यांचे निर्णय त्यांनी एकेक करून तपासले आणि चुकले तेथे स्पष्ट दाखविले. त्यांच्या मनसुब्यांपैकी एकास आज जगभर अस-सूलींचा हिरा म्हणतात.

पटावर फक्त चार मोहरी. दोन राजे आणि दोन वजीर. चाल पांढऱ्याची, आणि पांढऱ्याने जिंकायचे. आजच्या वजिरांनी खेळावयाचे असते तर शाळकरी मुलानेही प्रयत्न केला असता. पण हे वजीर जुने, एक घर तिरपे जाणारे. त्यांच्या बळावर मात होणे नाही. तेव्हा काळ्याचा वजीर गाठून मारायचा, आपला सांभाळायचा आणि काळा राजा उघडा पाडायचा, हाच मार्ग. वजीर एका रंगाच्या घरांवरूनच फिरतो, राजा त्याच्यामागे धावतो. एक घर इकडे पडले तर शिकार निसटते, एक घर तिकडे पडले तर आपलाच वजीर जातो. चार मोहरी चौसष्ट घरांवर मांडण्याच्या रीती वरवरच्या हिशेबाने १ कोटी ५२ लाखांच्या घरात जातात. त्यातली नेमकी वाट शोधायची.

हा मनसुबा जुना आहे, असे अस-सूलींनी नमूद केले. अल-अद्लींना किंवा आणखी कोणाला त्याचा निर्णय लागला नव्हता. पुढे त्यांनी मोठ्या अभिमानाने लिहिले की ज्यांना आपण स्वतः शिकवले त्यांच्यावाचून पृथ्वीतलावर कोणी तो सोडवू शकणार नाही.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. इतके सुंदर उत्तर हाती असताना त्यांनी ते निवडक शिष्यांपुरतेच का ठेवावे? त्यांच्या जागी उभे राहून पाहिले तर याचे कारण कळते. नदीमाची भाकरी मर्जीवर असते. मावर्दीची मर्जी एका दिवसात कशी उतरली हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. किंबहुना ती त्यांनीच उतरविली होती. अशा माणसाला दुसऱ्या कोणाला न येणारी एक गोष्ट म्हणजे वतनच. आपल्याकडचे वैद्य एखादी मात्रा मुलाखेरीज कोणास सांगत नसत, गवई एखादी चीज शिष्याची वर्षानुवर्षे परीक्षा पाहून मग देत, त्यातलाच हा प्रकार. त्यास कोत्या मनाचे म्हणणे सोपे आहे. पण पोटाचा प्रश्न असलेल्या विद्वानाला आपण फार कठोरपणे तोलू नये.

तरीही अशा जपणुकीची किंमत द्यावी लागते, आणि ती विद्येलाच द्यावी लागते.

उतरती कळा

खलिफा राझी ९४० साली वारले. त्यांच्यानंतरच्या खलिफांना नदीमांची हौस नव्हती. एका माणसाच्या मर्जीवर उभा असलेला डोलारा कोसळला. अस-सूली वासित येथे बजकम या तुर्की अमिराच्या आश्रयास गेले. पण तो अमीरही ९४१ मध्ये मारला गेला. हात आखडला. बगदाद सोडून ते बसऱ्यास आले. त्यांनी हजरत अलींविषयी एक कथन सांगितले, त्यावरून लोक प्रक्षुब्ध झाले आणि त्यांच्या जिवावर उठले. लपूनछपून राहत असताना ९४६ च्या सुमारास त्यांनी बसऱ्यात देह ठेवला. ज्यांचा डाव बागेपेक्षा देखणा ठरला होता, त्यांचा शेवट असा अंधारात झाला.

त्यांचा ग्रंथसंग्रह मोठा होता. पुस्तके रंगीत चामड्यात बांधून, रंगवार रचून ठेवलेली असत. कोणी काही विचारले की ते नोकराला अमुक पुस्तक आणावयास सांगत. यावरून एका समकालीन कवीने त्यांची टिंगल केली की या गृहस्थांची विद्या डोक्यात नसून कपाटात आहे. टिंगल खोचक होती, पण कालांतराने ती उलटीच ठरली. कपाटात होते तेच मागे राहिले आणि केवळ डोक्यात ठेवलेले गेले.

अस-सूलींचा नामांकित शिष्य अल-लज्लाज. या नावाचा अर्थ तोतरा, अडखळत बोलणारा. गुरूंच्या पद्धतीने डाव कसा उघडावा याचे त्याने चालीमागून चाल देऊन, कारणे सांगून, सविस्तर लेखन केले. पुढे तो शिराझला बुवैही अमीर अदुद अद-दौला यांच्या दरबारी गेला आणि तेथेच वारला. बोलताना अडखळणाऱ्या या माणसाने गुरूची विद्या लिहून ठेवली म्हणून ती आपणापर्यंत आली. हिऱ्याचे उत्तर मात्र त्या गुरुशिष्यांबरोबर गेले.

हजार वर्षांचे कोडे

अस-सूलींचे नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले. कोणी चांगला खेळला की तो अस-सूलींसारखा खेळतो अशी म्हणच पडली. पुढे पुढे तर बुद्धिबळ अस-सूलींनीच शोधून काढले असे लोक मानू लागले. तेराव्या शतकात चरित्रकार इब्न खल्लिकान यांनी हा गैरसमज दूर केला आणि खेळाचे श्रेय हिंदुस्थानच्या सिस्सा या पुरुषाला दिले. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही आपण शाळेत ऐकलेली गोष्ट त्यांनी अस-सूलींच्या चरित्रातच सांगितली आहे. दाण्यांची ती बेरीज वीस आकडी होते.

ग्रंथांच्या मूळ प्रती गेल्या, पण नकलनविसांनी त्यांतले मनसुबे उतरून ठेवले होते. अल-अद्ली व अस-सूली यांच्या ग्रंथांतून जुळवलेले ११४० सालचे एक हस्तलिखित इस्तंबूलच्या ग्रंथालयात मिळाले. इंग्लंडातील एच. जे. आर. मरे यांनी अशी हस्तलिखिते वाचण्यासाठी अरबी भाषा शिकून घेतली आणि १९१३ साली बुद्धिबळाचा आपला प्रचंड इतिहास प्रसिद्ध केला. त्यामुळे हे मनसुबे जगभरच्या शौकिनांपुढे आले. पट होता, मोहरी होती, अस-सूलींची गर्वोक्ती होती; उत्तर तेवढे नव्हते.

विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात डेव्हिड हूपर व केन व्हाइल्ड या बुद्धिबळाच्या दोन इंग्रज अभ्यासकांनी मिळून या हिऱ्यावर बैठक मारली. त्यांना तो फुटला नाही. पण त्यांनी प्रश्न जिवंत ठेवला. अखेर रशियाचे ग्रँडमास्टर युरी अव्हरबाख यांनी तो सोडवला. अव्हरबाख म्हणजे डावाच्या शेवटाचे जगातले मोठे जाणकार. त्या विषयावर त्यांनी अनेक खंडांचा ग्रंथ सिद्ध केला होता. पूर्ण शंभर वर्षांचे आयुष्य लाभून ते २०२२ साली निवर्तले. त्यांनी उत्तर काढले आणि छापून मोकळे केले. आता ते कोणाच्या मालकीचे राहिले नाही. पांढरा खरोखरच जिंकतो. अस-सूलींनी बढाई मारलेली नव्हती.

आजचे संगणक असली चार मोहऱ्यांची स्थिती क्षणात तपासतात. म्हणून कोणी म्हणेल की आता डोके कशाला शिणवायचे? आमचे म्हणणे वेगळे आहे. यंत्र उत्तर देते. पण ते उत्तर कसे सुचावे, हे आपल्या शेजारी बसलेलाच सांगू शकतो. फारसी परंपरेतली दिलारामची कथा पाहा. पैजेवर पैज हरत जाऊन एका अमिराने अखेर पत्नी दिलाराम हिलाच पणाला लावले. डाव हातचा जाणार असे दिसत असता पडद्याआडून पाहणाऱ्या तिने सुचवले की दोन्ही रुख देऊन टाकावेत आणि पत्नीला वाचवावे. त्याने तसे केले व मात झाली. खेळणाऱ्याला न दिसलेली चाल बघणाऱ्याला दिसते, हे आपण शुक्रवारच्या बैठकीत नित्य अनुभवतो.

आपल्याकडेही हे भांडार उघडे करणारे पुरुष झाले. तिरुवेंगडाचार्य शास्त्री या दाक्षिणात्य पंडितांनी संस्कृतात बुद्धिबळावर ग्रंथ रचला होता. त्याचे इंग्रजी रूप १८१४ साली मुंबईत छापून प्रसिद्ध झाले. त्यात प्रामुख्याने सोडवावयाच्या स्थितीच दिलेल्या आहेत, आणि त्या उत्तरांसह. बगदादमध्ये जे एका माणसाबरोबर गेले, तसले धन मुंबईच्या छापखान्याने कोणाही वाचकाच्या हाती दिले.

वाचकहो, अस-सूलींची थोरवी यामुळे तसूभरही कमी होत नाही. हजार वर्षे टिकेल असा प्रश्न मांडणे ही लहान गोष्ट नव्हे. पण त्यांच्या चरित्रातून घ्यावयाचा धडा आम्हांस असा दिसतो की प्रश्न एकाने मांडावा आणि उत्तर चौघांत ठेवावे. आपल्या घरांतून अशा कितीतरी गोष्टी एकेका व्यक्तीच्या डोक्यात आहेत. आजोबांना पाठ असलेले डाव, आजीच्या हातचे मसाल्याचे प्रमाण, बेटावर प्रथम आलेल्या पिढीच्या आठवणी. विचारणारा वेळेवर विचारीत नाही, सांगणारा आपण होऊन सांगत नाही, आणि मग उत्तर जाते.

तूर्त मुलांना घेऊन एवढे करून पाहा. पटावर दोन राजे आणि दोन वजीर मांडा. वजिराने एकच घर तिरपे चालावयाचे, असा नियम ठरवा. कोण कोणाचा राजा उघडा पाडतो ते पाहा. ज्याला युक्ती सापडेल त्याने ती वहीत लिहून ठेवावी आणि वही सर्वांना वाचावयास मिळेल अशा जागी ठेवावी.